साडेनऊ बोटं

डोमाजी झाड्यांच्या हातांना साडेनऊ बोटं आहेत.
गिऱ्हाईक हळूच विचारतं.
काका म्हणतात, "अर्धं लाईटवाल्यांना देल्लं."

आज पाचपावलीत, पराते वहिनींकडे.
नव्या टाईल्स बसल्या आणि जुनं दार अडलं.
चार मिलिमीटर. तेवढाच साग खायचा, जास्त नाही.
बिजागऱ्यांतून सोडवून दार अंगणात आणलं,
दोन घोड्यांवर गोधडी, गोधडीवर दार,
वर शिकंजे आवळले.
मे महिना. शेजारच्या कूलरच्या ताट्यांचा ओला वास
भिंत ओलांडून येतो, थंडावा तिकडेच राहतो.

"पहिले पिन काढ. मंग हात लाव."

तीन वर्षं झाली, माझ्या हाती पाना यायच्या आधी
हे वाक्य येतं.
मी पिन काढते आणि पायरीवर ठेवते,
समोर, दिसेल अशी.
काढली होती असं आठवणं वेगळं,
काढलेली दिसणं वेगळं.

रंधा उलटा करते.
ड्रमवर दोन पाती. बदलायची तर दोन्ही,
नाहीतर एक राबतं आणि दुसरं नुसतं फिरतं,
आमच्या घरच्या भावासारखं.
मागच्या तळव्यावर पोलादी पट्टी धरून
ड्रम पट्ट्याच्या बाजूने हळू फिरवायचा:
पात्याने पट्टीला चाटून जावं,
उचलू नये.
डावीकडे बघ. उजवीकडे बघ. स्क्रू आवळ.
आवळताना पातं सरकतं, म्हणून परत बघ.

मग दाराच्या काठावरून चुंबक फिरवला.
उंदरांसाठी कधीतरी ठोकलेली पत्र्याची पट्टी
गंजून गेली होती, तिच्या मागे
एक चूक लाकडात राहिली होती. पकडीने काढली.
"अजून एक आहे," काका म्हणाले.
मी काठ पुन्हा तपासला.
"लाकडात नाही, पोरी."
माझी ओढणी मोकळी होती.

ओढणी काढून वहिनींकडे दिली. चष्मा. कानांत बोळे.
कळ अर्ध्या मिलिमीटरवर.
रंधा हवेतच सुरू करायचा,
त्याचा आवाज पुरता चढू द्यायचा,
मगच पुढचा तळवा लाकडाला टेकवायचा.
सुरुवातीला दाब पुढच्या मुठीवर,
शेवटाला मागच्या.
दोन्ही टोकांकडून मधे यायचं,
सरळ पलीकडे गेलं तर कोपरा फाटतो,
आणि फाटलेल्या कोपऱ्याला वहिनी जन्मभर दाखवत बसेल.

पाच हात मारून झाले.
सहाव्याला लाईन गेली.

एकदम शांत. कूलरही थांबला.
रंध्याच्या तोंडात भुसा ठासून बसलेला,
कळ दाबून अडकवलेलीच,
आणि माझं बोट
आपोआप त्या तोंडाकडे निघालेलं.

काका ओरडले नाहीत.
खाटेवरून उठले, बोर्डापर्यंत गेले,
पिन ओढली, पायरीवर ठेवली.
परत येऊन बसले.
"लकडगंजात असंच होतं," म्हणाले.
"रंधा हातात. तोंडात भुसा. लाईन नाही.
म्या बोट घातलं,
अन् गल्लीतले पोट्टे ओरडले..."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
सांगायची गरज पडली नाही.
सहा मिनिटांनी साऱ्या पाचपावलीतून
तोच आनंद उसळला:
आलीऽऽऽ!

कूलर धडधडला. कुठेतरी टीव्हीवर कुणीतरी
वाक्याच्या मधूनच बोलू लागलं.
रंधा माझ्या मांडीवर गप्प होता.
मी कळ सोडवली, काडीने तोंड साफ केलं,
आणि मग बराच वेळ
माझी बोटं उगाच मोजली.

उरलेले तीन हात दुपारी मारले.
ड्रम पुरता थांबेपर्यंत रंधा खाली ठेवला नाही.

दार चढवलं. उघडलं. मिटलं.
काकांनी वहिनींकडे कागद मागितला,
वहिनींनी हाताला लागला तो दिला,
महिन्याचं लाईटचं बिल.
काकांनी वाकून साडेचार बोटांच्या हाताने
ते दाराखालून सरकवलं.
अडलं नाही.

"जमलं," ते म्हणाले. "आता ओढणी घे आपली."