उजवा पाय

सड्यावरच्या ट्रॅकवर संध्याकाळी
बॉनेट अजून तापलेलं असतं.
त्यावर कागद ठेवून मी लिहितो.
वारा खाडीकडून, म्हणून वजनाला चिऱ्याचा तुकडा.

वैजयंती तारी. तिसरं वळण.
हात शांत. नजर लांब,
बापाच्या सुकाणूपाशी वाढलेली पोर,
लाटेकडे नाही, लाटेपलीकडे बघते.
पण ब्रेक लवकर. रोजच लवकर.
'भीती सोड' लिहिलं, खोडलं,
'धीर धर' केलं.
खाडाखोड दिसायची ती दिसलीच.

तिनं वाचलं, घडी घालून खिशात टाकलं.
मग तिचा कागद माझ्या हातात:
शिक्षकाबद्दल चार ओळी, नाव घालायचं नाही.
शिकणारे तिघे. अक्षर कुणाचं, कळणारच.

'परकार सर ओरडत नाहीत. नीट समजावतात.
फक्त वळण यायच्या आधी
त्यांचा उजवा पाय खाली दाबला जातो.
मॅट करकरतं.
मी त्या आवाजावर ब्रेक मारते.'

अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या भीतीला गुण देत आलो.
डावं दार उघडून वाकून पाहिलं:
नसलेल्या ब्रेकच्या जागी
चवड्याएवढं भोक,
आत लाल धूळ.

सकाळी बूट बाहेर काढून ठेवले,
पट्टा आवळला, मांडी घालून बसलो.
'चल,' म्हटलं.

तिसरं वळण आलं.
मांडीखाली अंगठा वळला, बिनआवाज.
गाडी अजून सरळच. अजून.
मग तिचा पाय, तिच्या वेळेला.

ती हसलीबिसली नाही.
नजर लांबच होती.