गाडीत मात्र गाढ झोपतो

थंड इंजिनाची टिकटिक
तापलं की थांबते.
लोखंड फुगतं, फट आपोआप मिटते,
आणि वैद्याच्या दारात पोचेपर्यंत
दुखणं बरं झालेलं असतं.
म्हणून त्यासाठी गाडी कुणी आणतच नाही.

यास्ना बारीयानेही आणली
ती मागच्या दिव्याची काच फुटली म्हणून.
छोटी, चौकोनी, हिरवी सुझुकी,
दारांच्या कडा कुरतडलेल्या.
आमच्या दाल्काउएत समुद्र घरोघरी येतो
मीठ होऊन,
आणि नटांच्या आट्यांत बसून राहतो.

मी दिवा बसवत होतो, ती बोलत होती.
शाळेतल्या गळक्या छपराबद्दल,
शिंपल्यांच्या पडलेल्या भावाबद्दल,
हल्ली सकाळी चढणाऱ्या डोकेदुखीबद्दल.
मग आमारोबद्दल, सात महिन्यांच्या.
"रात्रभर घर डोक्यावर घेतो, दोन उर्बानो,
पण गाडीत बसवलं की पाच मिनिटांत गाढ.
शाळेशी पोचले तरी उठवून उठत नाही.
गाडी आहे म्हणून मी जगतेय."

स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला.

बॉनेट उघडलं. म्हटलं, चालू कर.
टिक टिक टिक,
ओलं लाकूड चुलीत तडतडावं तशी.
मॅनिफोल्डच्या कडेला काजळाचा ठिपका,
बाळाला तीट लावावी तेवढाच.
गाडीच्या पोटातल्या पत्र्याला
वायर जाते तिथे भोक, रबर केव्हाच गळालेलं.

"आज बसने जा."
"एका दिव्यासाठी?"
मग सांगावं लागलं.
धुराला वास असतो, यास्ना,
पण त्यातलं जे झोपवतं
त्याला नसतो.

ती जुन्या टायरवर बसली.
मांडीवर आमारो रडायला लागला, बेंबीच्या देठापासून.
आम्ही दोघांनीही
त्याला गप्प केलं नाही.

रात्री नटांवर तेल सोडून ठेवलं.
नोल्बेर्तो, ज्याच्या हाताखाली बोटींची इंजिनं शिकलो,
म्हणायचा: गंजाला एक रात्र द्यावी,
त्यालाही विचार करायला वेळ लागतो.
सकाळी पाच निघाले. सहावा
हातात डोकं देऊन मोडला.
दुपार त्या बुंध्याला भोक पाडण्यात गेली,
शिव्या देण्यात, आणि पुन्हा हळू होण्यात.

जुनी गॅस्केट निघाली, चार डोळ्यांची,
एका डोळ्याची पापणी जळालेली.
एवढीशी फट. नखही अडलं नसतं तिच्यात.

तोंड खरवडून घासलं. त्यावर पट्टी उभी धरली,
मागे बॅटरी:
उजेड आला तर अजून घासायचं.
दोनदा आला.
तिसऱ्यांदा अंधार. इतका आवडलेला अंधार
मी दुसरा पाहिला नाही.

नवी कोरडीच बसवली, काही न लावता.
मधून बाहेर, आळीपाळीने, थोडं थोडं.
एकाच नटाचे लाड केले
की पत्रा दुसरीकडे रुसतो.
पत्र्यातल्या भोकालाही नवं रबर.

पैसे पुरे घेतले.
कमी घेतले असते
तर तिला वाटलं असतं, मी तिला माफ करतोय.

तिसऱ्या दिवशी थंडगार पहाटे तिने चावी फिरवली.
मी कान दिला. इंजिनाचा नुसता श्वास.
म्हटलं, पाचशे किलोमीटर झाले की ये,
तापून निवून नट सैलावतात, पुन्हा आवळू.

ती आली, दोन आठवड्यांनी.
डोळ्यांखाली काळं, केसांत पिन तिरकी.
"डोकं दुखत नाही," म्हणाली.
"पण हा रडतो हो. घरापासून थेट धक्क्यापर्यंत,
एक क्षण खंड नाही."
तक्रारच करत होती,
आणि मागची काच उगाच उतरवून ठेवली होती,
आवाज नीट बाहेर यावा म्हणून.

मी पाना घेतला.
पहिला नट पाव फेरा वळला.