डोळ्यात तेल

पुंता अरेनासला वारा येत-जात नाही,
वारा इथे राहतो. येतात-जातात ती माणसं.
फार सुटला की चौकात दोर बांधतात,
आणि आम्ही सगळे, दप्तरवाली पोरंसुद्धा,
दोराला धरून रस्ता ओलांडतो.
मी दोर धरते, डोळे मिटते,
तरी गालांवरून पाणी.

बेकरीतल्या दोन्या फ्रेसियाने
पाव बांधता बांधता एकदा हळूच विचारलं,
"अजून त्याचाच विचार करतेस?"
कुणाचा, ते मला आजतागायत कळलेलं नाही.
एक गोड पाव मात्र तिने फुकट घातला.
तिला कसं सांगू, बाई,
कोरड्या डोळ्यांनाच असं पाणी येतं,
येतं आणि ठरत नाही,
तापल्या तव्यावर शिंपडल्यासारखं.

डॉक्टर ओयार्सूननी पापणी उलटून
तिचं चित्र पडद्यावर दाखवलं.
पापणीच्या काठाने तेलाच्या बारीक ग्रंथी असतात,
कंगव्याच्या दातांसारख्या.
माझ्या कंगव्याचे अर्धे दात पडलेले.
"मुरुमांच्या गोळ्या घेतल्या होत्या?"
सतराव्या वर्षी. आठ महिने.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"खात्रीने नाही सांगता येत," म्हणाले,
"पण गोळीला कुठे कळतं,
कुठलं तेल गालाचं नि कुठलं डोळ्याचं."

मी बंदरात रात्रपाळी करते.
सामुद्रधुनीतून जाणारी जहाजं,
पडद्यावर हिरवे ठिपके.
डोळ्यात तेल घालून बसायचं, याचाच पगार.
शेजारच्या खुर्चीवरचा मान्सिया म्हणतो,
तू माशासारखी बघतेस, पापणी म्हणून लवत नाही.
आता गजर लावलाय. वीस मिनिटांनी वाजतो.
मिटायचं, पूर्ण मिटायचं, दोन अंक मोजायचे, उघडायचं.
तेवढ्यात एखादं जहाज खडकावर जाईल असं वाटायचं.
अजून गेलेलं नाही.

पहाटे घरी आले की
मोज्यात भरलेले तांदूळ तापवून डोळ्यांवर.
दहा मिनिटं. मग बोटाने हलकेच,
वरची पापणी खाली, खालची वर,
संपत आलेली टूथपेस्ट पिळतात तशी.
थेंबांचे किती प्रकार झाले. एक झोंबणारा,
एक घट्ट, ज्यातून जग दुधातून पाहिल्यासारखं.
अश्रूंच्या मोरीला बुचंही बसवली,
मोहरीहून लहान. त्यातलं एक
ख्रिसमसच्या जेवणात शिंकेबरोबर गेलं.
सापडलं नाही. कुणी खाल्लं असेल तर देव जाणे.

शेवटी माझंच रक्त.
नर्सने नळ्या भरल्या, यंत्रात गरगर फिरवल्या,
लाल तळाशी बसलं,
वर राहिलं ते फिकट, चहाच्या पहिल्या पाण्याच्या रंगाचं.
त्याच्या कुप्या आता फ्रीझरमध्ये,
वाटाणे आणि कोकराच्या बरगड्या यांच्या मध्ये.
भाऊ बर्फ शोधत होता. "हे काय?"
"माझे अश्रू," म्हटलं. "मार्चपर्यंतचे."
तो हसला, मग हसायचा थांबला.

त्याची आयेलेन सोळाची आहे.
तीन आठवडे शाळेत गेलेली नाही,
जेवायला बसते ती केस पुढे ओढून.
काल माझ्या खोलीत आली. "आत्या, ती गोळी घेऊ का?"

कपाटात माझा अठराव्या वर्षीचा फोटो आहे.
पहिल्यांदाच कॅमेऱ्याकडे सरळ बघतेय,
गाल नितळ, आणि डोळे,
काय सांगू, डोळे चमकताहेत.
तो फोटो मी तिला दाखवला नाही.
लपवलाही नाही.
म्हटलं, घे. पण आधी डोळे तपासून घे,
आणि पहिल्यांदा खुपलं, त्याच दिवशी सांग.
धीर धरू नकोस. मी धरला होता.

ती बराच वेळ बसून राहिली.
मग म्हणाली, दे, मी घालते.
कुपी तळहातात धरून तिने वितळवली,
माझी मान मागे केली.
इतक्या जवळून मी तिचा चेहरा पाहिलाच नव्हता,
लालसर, खडबडीत, लक्ष देऊन बघणारा.
"हलू नकोस," ती म्हणाली,
आणि एक थेंब गालावर सांडला.