उशिरा येणारं हसू

दुपारी अडीचला, जेवणाची ताटं उचलली गेल्यावर,
ते आमची मालिका लावतात.
स्कारबरोच्या या वृद्धाश्रमात खिडकीबाहेर अख्खा समुद्र आहे,
पण खुर्च्यांची तोंडं टीव्हीकडे.

मी त्यातली एथेल. भांडी घासणारी.
तेवीस भागांत माझी वाक्यं एकेचाळीस,
त्यातली निम्मी, "होय, मिसेस क्रॅब."

लॉर्डसाहेब झालेला पर्सी हॅडो
मुळात हलच्या मासळीवाल्याचा मुलगा.
आणि ज्याच्या बापाचे स्वतःचे घोडे होते
तो ऑब्री लिंटन बटलर.
मधल्या सुट्टीत ऑब्री पाय पसरून बसायचा,
आणि लॉर्डसाहेब
रेशमी जाकिटाच्या बाह्या सावरत
सगळ्यांना चहा आणून द्यायचे.
कुणी सांगितलं नव्हतं. सवय.

जिन्याला पायऱ्या अकरा.
अकरावीनंतर प्लायवूड,
आणि थोटकांनी भरलेली एक बादली.
दिवाणखाना नि स्वयंपाकघर एकाच फरशीवर शेजारी-शेजारी,
मधे एक काळी केबल,
तिला अडखळून मी दोनदा पडले.

समीक्षकांना हे काय आहे ते कळेना.
एवढं लांब, म्हणाले, विनोदी कसं असेल;
आणि एवढं हसू, तर मग ती पोरगी
शेवटी गाठोडं घेऊन पावसात का उभी?
चौथ्या वर्षी बंद झालं.

तिसऱ्या भागाला मी आईला बोलावलं होतं.
लीड्सचा स्टुडिओ, तिसरी रांग, कडेची खुर्ची,
चर्चला घालायची तीच टोपी.
चौदाव्या वर्षी ती खरोखर कामाला लागली होती
रिपनजवळच्या एका मोठ्या घरात.
त्याबद्दल बोलायची नाही.
सोड्याच्या पाण्यानं सोललेली बोटं
तेवढी आम्हाला पाठ.

त्या भागात ऑब्री घसरतो, पुडिंग फरशीवर.
दोनशे माणसं हसतात, मग थांबतात.
कॅमेरा चुकून माझ्यावरच राहिला.
मी पुडिंग उचललं, ताटलीत ठेवलं,
पडलेला खड्डा अंगठ्यानं सारखा केला,
अंगठा चाटला,
ताटली वर पाठवली.
हे संहितेत नव्हतं.
सगळे गप्प,
आणि तेवढ्यात
उचकी लागावी तसं एकटं, उशिरा आलेलं,
एका बाईचं हसू.

ध्वनिवाला म्हणाला, हे काढून टाकू.
वेळ नव्हता, राहिलं.

बसस्टॉपवर आई एवढंच म्हणाली,
"डावा वापरायचा गं.
उजवा दाखवायला कोरडा ठेवायचा."
मग बस आली.

तिला जाऊन एकतीस वर्षं झाली.
तिचा आवाज कुठल्याच टेपवर नाही,
फक्त हा, अकराव्या मिनिटानंतर,
दीड सेकंदाचा.
दहावं मिनिट संपलं की मी आवाज वाढवते.
शेजारची विनिफ्रेड कुरकुरते. कुरकुरू दे.

आज मारिसेल कस्टर्डच्या वाट्या घेऊन आली.
इलोइलोची आहे, रात्रपाळी संपवून
दिवसपाळीलाही थांबलेली.
पडद्यावर मी अंगठा चाटला.
आई हसली.
आणि तिच्यामागून, क्षणभरानं,
ट्रे धरलेली मारिसेल.

नंतर तिनं वाटी माझ्यासमोर ठेवली.
साय अगदी सपाट, गुळगुळीत.
तिच्या डाव्या हाताकडे
मी पाहिलं नाही.