मे महिन्यातला काळा कोट

छपराच्या उत्तरेला बर्फ अजून चिकटून आहे,
तळ्यावरचा राखाडी झालाय, पाऊल ठेवू नये असा,
आणि माझ्या घरात
दोन कुत्र्यांचा हिवाळा उतरू लागलाय.

तुइस्कूचा आधी, मांड्यांपासून.
चिमटीत धरून ओढावं तर
गादी उसवल्यासारखा कापूस हातात येतो,
आणि त्याला पत्ताही नसतो. उभाच, पेंगत.
हिल्ला मात्र दंताळं दिसलं की टेबलाखाली.
वरचे राठ केस जागच्या जागी राहतात.
झडते ती आतली लव,
जिच्या जोरावर उणे पस्तिसात
दोघं अंगणात निजायची
आणि पाठीवर पडलेला बर्फ
सकाळपर्यंत वितळायचाही नाही.

केर काढणं मी पंधरवड्यापूर्वीच सोडलं.
काढावा, वळावं, तर मागे
तेवढाच पुन्हा, पायांनी चालत आल्यासारखा.
लोण्यात केस. चष्म्याच्या बिजागरीत केस.
सौनाच्या बाकावरून उठलो
की मीही अर्धा कुत्रा.
आउने होती तेव्हा म्हणायची,
या घरात कॉफी पीत नाहीत, चावतात.

अशात तिची लेम्पीआत्या गेली.
चौऱ्याण्णव वर्षं, शेवटचा महिना फक्त खिडकीकडे बघत.
काळा कोट कपाटातून काढला,
चिकटपट्टीचं एक अख्खं रीळ त्याच्यावर संपवलं,
आणि मग गाडीत बसलो.
गाडीतली सीट कुणाची असते
ते विसरलो.

चर्चच्या पायरीवर, लख्ख उजेडात पाहिलं:
खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मी
पांढरा, तांबूस, मधेच करडा.

शवपेटीपाशी फुलं ठेवायची रांग.
माझ्यामागे रेइयो, आउनेचा भाऊ.
केसानं गळा कापला त्यानं माझा,
असं मी अकरा वर्षं सांगत आलोय,
ऐकणारे संपले तरी.
बारा स्प्रूस झाडं, हद्दीचा एक दगड,
आणि दोघांतला कुणी
केसभर सरकला नाही.

रांग हळू होती. पुढे कुणीतरी
फुलांवरचं कार्ड वाचताना अडखळत होतं.
तेवढ्यात खांद्यावर दोन बोटं.
मला वाटलं, ढकलतोय.
नाही. वेचत होता.
एक पुंजका. मग त्याच्या खालचा.
दलदलीत बेरी वेचतात तसा, न चिरडता,
पाठीवरून खाली, बाहीपर्यंत.
चर्चमध्ये टाकणार कुठे,
म्हणून स्वतःच्याच खिशात भरत होता.

“तुइस्कूचे?” फार हळू.
“हे हिल्लाचे.”
“आहे ती अजून?”
“आहे. कान गेले.”
“हं.”

त्याच्याच लाकूडखोलीत जन्मलेली ती,
तेरा वर्षांपूर्वी, सहा पिल्लांतली शेवटची,
आउनेनं टोपीत घालून आणलेली.

पुढे आमची पाळी आली. मी माझं कार्ड वाचलं,
त्यानं त्याचं.
नंतर सामनचं सूप, कॉफी, दोन प्रकारचे केक.
तो पलीकडच्या टेबलावर बसला,
मीही उठून गेलो नाही.
फक्त एकदा पाहिलं,
साखरेसाठी त्यानं हात लांब केला तेव्हा
खिसा फुगलेला होता,
चिमणीनं छातीची पिसं फुगवावी तसा.

घरी आलो. तुइस्कूनं नेहमीचा गोंधळ घातला.
हिल्ला उशिरा आली, भिंतीला अंग घासत,
जमिनीवर अजून एक पट्टा पांढरा करत.
खाली वाकलो तर
बाही हुंगली, सोडून दिली.
खांदा हुंगला.
तिथेच थांबली. नाक आत, खोल,
श्वास घेते की मोजते कळेना,
आणि शेपूट, जे या वर्षात
दुधालासुद्धा हललं नव्हतं,
एकदा डावीकडे गेलं.
जरा थांबून उजवीकडे.

कोट काढून जमिनीवर पसरला.
ती तीनदा गोल फिरली
आणि त्याच्यावर झोपली.

दंताळं आज खुंटीलाच राहू दे.