फट कुठे आहे

तक्त्यावर सगळ्या कड्याच कड्या,
प्रत्येक कडीला एक फट.
मुलांनी हातानं दाखवायचं: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे.
वाचता येत नसलं तरी चालतं, दिसलं म्हणजे झालं.
एकोणीस वर्षं पेंगहू बेटावरच्या या शाळेत
मी हेच विचारते आहे.

औ चेन-काय, इयत्ता दुसरी,
शेवटची ओळ न अडखळता सांगून मोकळा झाला.
जरा जास्तच घाईनं.
मी तक्ता उलटा टांगला.
तरी त्याचा हात पहिल्यासारखाच हलत राहिला,
वर, डावीकडे, खाली, डावीकडे,
पाठांतर चोख.
मग मी काहीच लिहीत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं
आणि हात खिशात गेला.

संध्याकाळी बाप आला. हातांना माकुळाचा वास.
रात्री समुद्रात नुसता दिवा दिसला
तरी होडी कुणाची ते सांगणारा माणूस.
"लागला नंबर तर लागला. चष्मा घेऊ.
तुम्ही नाही का लावत?"

लावते. उणे नऊ.
काढून त्याच्या हातात दिला.
त्यानं डोळ्यांशी धरला
आणि भिंतीचा आधार घेतला.

म्हटलं, असल्या चष्म्यानं दिसायची सोय होते, इतकंच.
डोळा आत लांबतच राहतो,
गोल द्राक्ष लांबट व्हावं तसा,
मागचा पडदा ताणला जातो,
आणि लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही.
पोराची उंची वाढली की चौकटीवर रेघ मारता ना?
ही वाढ कुठल्या चौकटीवर मारणार?

डॉक्टरांनी थेंब दिले, रोज रात्री एकेक.
बाप समुद्रावर असला की आई
डोळ्यांत तेल घालून
पोराच्या डोळ्यांत थेंब घालते.

आणि दिवसाचा उजेड. फुकट मिळणारं तेवढंच औषध.
रोज दोन तास उघड्यावर, म्हणतं
तायपेहून आलेलं परिपत्रक.
परिपत्रकाला वारा लागत नाही.
इथे ऑक्टोबर ते मार्च
ईशान्येचा वारा मिठासकट येतो,
झाडं जन्मापासून वाकलेली,
टोप्या उडतात त्या थेट पाण्यात.
मधल्या सुट्टीत मी वर्गांना कुलूप घातलं
तर पोरं जिन्याखाली,
एका फोनवर सहा डोकी.
मुख्याध्यापिका म्हणाल्या, गणित बुडतंय.
त्यांचंही खोटं नव्हतं.

मग एकदा कोबी घेताना आठवलं.
इथे पोवळ्याचे दगड एकावर एक रचून
पिकाभोवती छातीएवढ्या भिंती घालतात,
वाऱ्याला आडोसा म्हणून.
शाळेमागे श्वे पी-युनचं असं एक शेत,
चार वर्षं पडीक.
"कोबीला चालतं तर पोरांना का नाही?"
एवढंच म्हणून तिनं फाटकाची तार सोडली.

आता तिसरा तास तिथे.
वारा डोक्यावरून जातो, ऊन आत उतरतं.
पोरं पाढे म्हणतात, गोगलगाई मोजतात,
मारामारी करतात, लघवीलाही त्याच भिंतीआड.
चेन-काय दगडावर हनुवटी टेकून बसतो.
काय बघतोस रे?
काही नाही. लांबचं.

या वर्षी त्याचा नंबर पावानं वाढला.
गेल्या वर्षी पुरता एकानं.
यात उन्हाचं किती, थेंबांचं किती,
नशिबाचं किती, मला सांगता येणार नाही.
त्याच्या धाकट्या बहिणीला मात्र लागलाच.
तीच भिंत, तेच ऊन.
तिची आई माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

मार्चमध्ये भिंतीचा कोपरा ढासळला.
वारा घुसला, वह्या उधळल्या,
मी सवयीनं ओरडले, फट कुठे आहे?
बावीस हात एकदम समुद्राकडे.
"बाई, तिथून होडी दिसते," चेन-काय म्हणाला.
मला दिसेना. काचांवर मीठ साचलं होतं.
पदराशिवायचा हा गणवेश, काही पुसायला मिळेना.
तशीच डोळे बारीक करत विचारलं,
कुणाची?