पाच सूत

सोहारच्या लिलावात हमूदने ट्रॅक्टर उचलला,
बुटका, बागेतलं गवत कापायचा,
आणि वजनाला वजन म्हणून
हे पिवळं पातं फुकट आलं.
कशाचं, ते पावतीवर नव्हतं.

बिदियात, शेडमध्ये, सकाळी पालथं घातलं त्याला.
पाठीवरची पट्टी घासून गुळगुळीत.
खडू फिरवला, फुंकर मारली:
एक चार, एक दोन,
पुढे शेपूट तुटलेला सात, नाहीतर एक.
पिवळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली लाल.
तीन मालक असतील,
किंवा एकच, कशात मन न लागणारा.

सोळा मिलिमीटरचा बोल्ट कानात घालून पाहिला.
उंबऱ्यातच अडला.
डब्यातली पाच सुताची जुनी पिन
तूप लावल्यासारखी आत गेली.
म्हणजे इंचवाल्यांच्या मुलखातलं.
सुतावरून स्वर्ग गाठायचा आमचा धंदाच,
पण हा स्वर्ग थंड निघाला:
स्प्रिंगच्या वेटोळ्यात मिठाने खाल्लेला गंज,
वाळक्या ग्रीसमध्ये रुतलेली
हिरवटशी एक सुई, झाडाची.

थिनलेने ती नखाने काढली, हुंगली,
म्हणाला, "सल्लो."
मला वाटलं, पोरगं सल्ला देतंय.
त्याच्याकडे झाडाला म्हणतात तसं.
मग म्हणाला, हे बर्फ लोटायचं आहे, परकारभाई.
मी कालुस्त्याचा. बर्फ पाहिला तो
मासळीच्या खोक्यात.

पात्याची डावी कड अर्धं बोट झिजलेली,
उजवी जवळजवळ कोरी.
म्हणजे तो माणूस सगळे हिवाळे
डावा खांदा पुढे काढून
उजवीकडेच लोटत राहिला.
डावीकडे काय होतं त्याच्या?
गुलाब? बायकोची गाडी?
न पटणारा शेजारी?

विचार बाजूला. कामाला लागलो.
झिजपट्टी उलटी करून बसवली,
नवी धार खाली.
घोट्याखालच्या पायताणांचे
वरचे चार वायसर खाली घातले,
एक बोट फट राहू दिली.
नाहीतर पातं जमिनीत तोंड खुपसणार.
दोन्ही टोकांखाली आगपेटी सरकवून पाहिली.
उजवीकडची चिरडली.
पुन्हा नट सोडले, पुन्हा आवळले,
तासभर त्या पात्याला शिव्या घातल्या.
मग कळलं, मागचं उजवं टायर नरम.

स्प्रिंगा मात्र फसवत होत्या.
वाळूचा ढीग लागला की पातं
पुढे झुकायचं, सगळं अंगावरून जाऊ द्यायचं.
थिनले म्हणाला, त्याला वाटतंय खाली दगड आहे.
बर्फात दगड लपलेला असतो,
म्हणून ते वाकायला शिकलेलं.
चार आटे आवळले. मग दोन सैल केले.
अगदीच ताठ असून चालत नाही, दांडा मोडतो.

"आणि बर्फ?" मी विचारलं.
"ठेवशील तिथे बसतो, उन्हाळ्यापर्यंत.
वाळूचं काही खरं नाही."

चारला हमूद आला.
फाटकापाशी रात्रीत कमरेएवढी वाळू चढलेली.
मी पातं उजवीकडे तिरपं केलं,
वारा तिकडेच जातो, सोयीचं.
त्याने मान हलवली.
उजवीकडे भावाचं दार.
खजुराच्या पाण्यावरून सहा वर्षं
एकमेकांचं तोंड बघत नाहीत.
म्हटलं, डावीकडे टाकली तर
पहाटेपर्यंत सगळी परत येईल.
म्हणाला, येऊ दे.
त्याचं दार बुजायला नको.

पिन काढली, पातं डावीकडे फिरवलं,
पुन्हा पिन. पाच सूत.
दुसऱ्या गिअरमध्ये थिनले निघाला,
वाळू कडेने गुंडाळत गेली,
थोडी मागून लगेच घसरत आली.

वहीत लिहिलं: बर्फाचं पातं, साडेतीन फूट.
वाळूला चालतं.
आकडा सात की एक, तो राहिलाच.

ती सुई थिनलेने टाकली नव्हती.
कुठे ठेवली, मी विचारलं नाही.